त्यातलं तुझं किती, मंगल

मंगल,

तू गेल्यावर करायच्या कामांची मी यादी केली. तू असतीस तर कपाळाला हात लावून म्हणाली असतीस, "आली यादीबाई." प्रयोगशाळेच्या कपाटाच्या किल्ल्या परत करणं, नववीचे तुझे विज्ञानाचे तास वाटून देणं, तुझा डबा आणि चष्म्याचं घर भावजींकडे पोचवणं, पेन्शनच्या कागदांसाठी कोणाला भेटायचं ते त्यांना सांगणं. सगळं उरकलं. रडणं काही यादीत नव्हतं, ते मधेमधे आपोआप होत राहिलं.

एक काम मात्र राहिलंय. शाळेच्या व्हरांड्यात, साखरेच्या फलकाशेजारी तुझे दोन फोटो लावलेत. एक जुना, स्नेहसंमेलनातला, त्यात तू दोन खुर्च्यांच्या मधोमध बसल्यासारखी दिसतेस. दुसरा सत्काराच्या दिवशीचा, अंगावर शाल, गळ्याखालची हाडं वर आलेली. खाली माझ्याच अक्षरात लिहिलंय, 'मंगलबाईंना जमलं, आपल्यालाही जमेल.' हे फोटो ठेवायचे की काढायचे? मोठ्या बाई म्हणाल्या, तुमची मैत्रीण, तुम्हीच ठरवा. त्या विचारतात आणि मी 'उद्या बघते' म्हणते. मी, आणि उद्या. म्हणून आज तुझ्याशी बोलायला बसलेय. नाहीतर हे काम माझ्याच्यानं व्हायचं नाही.

ते परिपत्रक आलं तो दिवस आठवतो का गं? देशभर मुलांची वजनं वाढतायत, मोठ्यांची तर आधीच वाढलीत, तेव्हा शाळांनी साखरेचे फलक लावावेत, मुलांच्या डब्यांकडे लक्ष द्यावं, तेल-साखर कमी करण्याबद्दल पालकांशी बोलावं, असं त्यात होतं. मी शिक्षकखोलीत ते मोठ्यानं वाचून दाखवलं. वाचून झाल्यावर सगळ्यांनी एकदा तुझ्याकडे पाहिलं आणि लगेच न पाहिल्यासारखं केलं. तू डब्यातली चपाती मोडत म्हणालीस, "फलक कशाला करताय? मलाच उभी करा व्हरांड्यात." सगळे हसले. तुझी ही रीतच होती. दुसरा बोलायच्या आत तू स्वतःलाच बोलून घ्यायचीस, म्हणजे त्याच्या हातात काही उरायचं नाही.

पण मग काम तूच अंगावर घेतलंस. थंड पेयांच्या रिकाम्या बाटल्या, बिस्किटांचे आणि चटपटीत पाकिटांचे कागद पोरींकडून गोळा केलेस. एकेका बाटलीत, पुड्यात किती साखर असते ती पोरींनाच चमच्यानं मोजायला लावलीस आणि ती छोट्या पिशव्यांत भरून त्या त्या बाटलीखाली टांगलीस. मोजायला सुरुवात झाली तेव्हा वर्गात गोंगाट होता. चमचे पडत गेले तसा तो कमी होत गेला. तू काहीच बोलली नाहीस. भाषण द्यायचं नाही, हा तुझा नियम. माझ्याकडे भाषणाचे मुद्दे तयार होते, ते तू घडी घालून माझ्याच पर्समध्ये ठेवलेस.

आपण दोघी नोकरीला लागलो तेव्हाही वजनं घ्यायचोच की. पण तेव्हा शोधायच्या त्या वाळलेल्या पोरी. वजन कमी असलेल्यांसाठी तक्त्यात वेगळा रकाना होता, जास्त असलेल्यांसाठी नव्हताच, कारण कोणाला वाटलंच नव्हतं की तो लागेल. आता त्याच वर्गात, कधी एकाच बाकावर, दोन्ही असतात. तू एकदा म्हणालीस ते माझ्या डोक्यातून जात नाही. म्हणालीस, एकाच घरात एक लेकरू वाळतंय आणि दुसरं सुटतंय, आणि दोघांच्या हातात पाकीट तेच.

वजनं घ्यायची आपली पद्धत तुला माहीतच आहे. काट्यापाशी एक बाई उभी राहून आकडा पुकारणार, टेबलाशी दुसरी लिहिणार. काम झपाझप व्हायचं. तो आकडा अख्ख्या रांगेला ऐकू जायचा, हे कोणाच्या मनातही यायचं नाही. तू पहिल्याच दिवशी घरून चादर आणलीस. आपली सोलापुरी, जाडजूड, निळ्या चौकटीची. प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात दोरी बांधून ती टांगलीस आणि काटा तिच्या मागे ठेवलास. एकेक पोर आत जायची, तू आकडा बघून स्वतःच लिहायचीस. रांग संपेना. मी म्हटलं, मंगल, अशानं आठवडा जाईल. तू म्हणालीस, "जाऊ दे आठवडा. यांच्या वयात माझा आकडा शाळेच्या मैदानावर पुकारला होता. तो मला अजून ऐकू येतो."

मी रांग लावायला गेले. पण खरं भांडण पुढचं होतं आणि ते अर्धंच राहिलं. तू म्हणायचीस, पोरीला आकडा सांगायचाच नाही, आईला बोलावून सांगायचा. मी म्हणत होते की चौदा वर्षांच्या मुलीला स्वतःचं वजन माहीत हवं, ते तिचं आहे. लपवलं की ती लाजेची गोष्ट होते. तू म्हणायचीस, सांगितलं की होते. आपण रिक्षात भांडलो, जिन्यात भांडलो, एकदा तर प्रार्थना चालू असताना चिठ्ठ्या लिहून भांडलो. तू नाहीस म्हणून मी माघार घेणार नाही, मंगल. अजूनही मला माझंच बरोबर वाटतं. फक्त आता समोरून कोणी ठासून 'नाही' म्हणत नाही, आणि एकटीनं बरोबर असण्यात काही राम नाही.

दुसऱ्या एका भांडणात मात्र तू मला हळूहळू तुझ्याकडे ओढलंस. मी सगळं सवयींवर ढकलायचे. हे खाऊ नका, ते खाऊ नका, पळा, उड्या मारा. तू विचारायचीस, पळायचं कुठं? शाळेच्या मैदानाचा अर्धा भाग गाड्या लावायला गेलाय. रस्त्याला पायवाट नाही. या पोरींच्या आया दिवसभर मशीनवर बसून गणवेश शिवतात, उठतात त्या स्वयंपाकाला. फळापेक्षा पाकीट स्वस्त आणि पाकीट कोपऱ्यावर मिळतं. सगळं पोरींच्या जिभेवर ढकलू नकोस, म्हणायचीस. म्हणून आपण फाटकाबाहेरच्या गाडीवाल्या मावशींना हाकललं नाही. तू त्यांच्याशी बोलत बसलीस, आणि काही दिवसांत पाकिटांच्या माळांशेजारी उकडलेल्या शेंगांचं पातेलं आलं. माळा गेल्या नाहीत, पण पातेलं रिकामं व्हायला लागलं. 'एवढं तरी झालं' हे तुझं आवडतं वाक्य.

आणि मग आयांना घेऊन सकाळचं चालणं. ते तुझंच डोकं. आया सुधारल्या तर घर सुधारेल, आणि आयांना सांगायचं तर आधी आपण चालायला हवं. "कंबर कमी करायची तर कंबर तलावावरच जायला हवं," असं म्हणून तू जागासुद्धा ठरवून टाकलीस. पहिल्या दिवशी तुझ्याबरोबर चारचौघीच आल्या. त्यात आठवीतल्या एका मुलीची आई श्रीदेवी होती, टॉवेलच्या कारखान्यातली, घरी तेलुगू बोलणारी. ती तुझ्या मागे मागे चालायची, कारण तुझ्यापुढे जाणं तिला बरं वाटायचं नाही. तू तिला म्हणालीस, बाई, मागं राहून माझी सावली खाऊ नकोस, पुढं हो. नंतर ती तुझ्या कितीतरी पुढे जायला लागली आणि वळणावर थांबून तुला हाका मारायची.

ते महिने आठवले की मला अजून हसू येतं. चहातली साखर तू बंद केलीस, संध्याकाळचं तळण बंद केलंस, आणि दिवसभर सगळ्या शाळेला ऐकवलंस. "भूक लागलीय, यादीबाई." पहिल्या तासाला भूक, मधल्या सुट्टीत भूक, परिसंवादात भूक. कोणाच्या तरी मुलीचं लग्न ठरलं म्हणून शिक्षकखोलीत पेढ्यांचा खोका फिरायचा, तो तुझ्यासमोर आला की तू मान वळवून खिडकीबाहेर बघायचीस, जसं काही तिथे कोणी तुला बोलावतंय. मग डबा उघडून कडक भाकरी चुरायचीस, त्यावर दही, शेंगाची चटणी, कांदा, आणि प्रत्येक घास असा खायचीस की आमच्या तोंडाला पाणी सुटावं. तुला खाणं आवडत होतं, मंगल. ते कमी करणं तुला किती जड गेलं हे आम्ही रोज बघत होतो. वजन अगदी हळू उतरत होतं. तू वैतागायचीस. तरी दुसऱ्या दिवशी तलावावर असायचीस.

तुझं ते 'भूक लागलीय' ऐकू येणं नेमकं कधी बंद झालं, हे मला सांगता येत नाही. सगळं लक्षात ठेवणारी मी, पण हे लक्षात नाही. उन्हाळ्याच्या आसपास कधीतरी. एकदा मीच तुला विचारलं, हल्ली भुकेचं रडगाणं ऐकू येत नाही. तू खुशीत म्हणालीस, "भूकच मेली बघ. शरीराला सवय लागली." मी तुझ्या पाठीवर थाप मारली. मोठ्या बाई म्हणाल्या, याला म्हणतात संयम. वजन आता भराभर उतरायला लागलं होतं आणि त्याला कारण हवं होतं, ते समोरच होतं. चालणं, साखर सोडणं, निश्चय. दुसरं कारण शोधावं असं कोणाला, तुलासुद्धा, वाटलं नाही.

सुट्टीत आपण नवी पेठेत गेलो. तयार कपड्यांच्या त्या दुकानात तू वर्षानुवर्षं माझ्यासाठी यायचीस आणि दाराशी स्टुलावर बसून राहायचीस, कारण तुझं माप तिथे नसतं हे दुकानदार तुला आत येण्याआधीच सांगायचा. त्या दिवशी तू सरळ आत गेलीस. मोरपंखी रंगाचा ड्रेस अंगाला लावलास, आतल्या खोलीत जाऊन घालून आलीस आणि आरशापुढे उभी राहिलीस. पुढून बघितलंस, पाठमोरी होऊन बघितलंस. मग मला म्हणालीस, "यादीबाई, मी अशी होते होय आतमध्ये?" बाहेर पडल्यावर मी उसाचा रस घेऊ म्हटलं. तू म्हणालीस, नको, वासच नको वाटतो. मला तेही कौतुकाचंच वाटलं. त्या दुपारी तू जितकी आनंदात होतीस तितकी मी तुला कधी पाहिली नव्हती, आणि तो आनंद तुला कोणी दिला हे आता मला माहीत आहे. या गोष्टीचं काय करायचं ते मला कळत नाही. ती कुठल्याच रकान्यात बसत नाही.

शाळा उघडल्यावर पालक मेळाव्यात तुझा सत्कार ठरला. शाल, श्रीफळ, आणि ते दोन फोटो मोठे करून. सूत्रसंचालन माझं. तू मोरपंखी ड्रेस घालून आलीस, तो तोवर सैल झाला होता. नारळ हातात घेऊन माईकवर म्हणालीस, "श्रीफळ घेते, पण आतलं खोबरं खायचं की नाही तेवढं यादीबाईंना विचारून सांगते." मंडप हसला. खूप वेळ टाळ्या वाजल्या. आयांनी उभ्या राहून वाजवल्या, श्रीदेवी तर रडत होती.

पहिल्या रांगेत तुझी आई बसली होती. सांगोल्याकडच्या गावाहून मुद्दाम आणलेली, डोक्यावरचा पदर घट्ट धरून. मी त्यांना मावशी म्हणते; त्यांचं अर्धं आयुष्य मेंढरांमागे माळावर गेलेलं. त्यांच्या घरात अंग भरलं म्हणजे सुख आलं असा हिशोब, आणि त्या हिशोबानं तू त्यांची सगळ्यात सुखी लेक होतीस. तू स्टेजवरून उतरून त्यांच्या पाया पडायला वाकलीस. त्यांनी तुझं मनगट आपल्या दोन बोटांत धरून बघितलं. "लई वाळलीस की गं," म्हणाल्या. "जेवतीस का न्हाय?"

तू ते दुसऱ्या दिवशी शिक्षकखोलीत हुबेहूब आवाज काढून सांगितलंस. म्हणालीस, सगळं गाव मला बारीक झाली म्हणतंय आणि आईला मी वाळलेली दिसते, आता काय करायचं या बाईचं. आम्ही हसलो. आईची नजर, म्हटलं. आईला पोर कधी पुरेशी जाड दिसते का?

मेळाव्यानंतर थोड्याच दिवसांत पाठ दुखायला लागली, मग डोळे पिवळे झाले, मग तपासण्या. स्वादुपिंडाचं नाव निघालं. डॉक्टर चांगले होते, त्यांनी आपल्याला बसवून समजावलं. चालण्यानं, साखर सोडल्यानं हे झालेलं नाही, ते तुम्ही चांगलंच केलंत. हा आजार गुपचूप येतो. भूक मरणं, अन्नाचा वास नकोसा होणं, कारणाशिवाय वजन उतरणं, ही त्याची खूण. तुमच्याकडे वजन उतरायला कारण होतं, म्हणून खूण झाकली गेली. लवकर कळलं असतं तर काय झालं असतं, हे मात्र त्यांना सांगता येणार नाही म्हणाले. तू सगळं ऐकून घेतलंस आणि त्यांनाच म्हणालीस, बसा, तुम्हीच घाबरलात.

दवाखान्यातल्या दुपारी मी येऊन बसायचे. मावशी कोपऱ्यात. त्या हुलग्याचं माडगं करून आणायच्या, पातळ, चमच्यानं पाजण्यासारखं, आणि तू आईसाठी दोन चमचे गिळायचीस. ते गिळणं मी बघू शकायचे नाही. ज्या बाईला पेढ्याच्या खोक्यासमोर मान वळवावी लागायची, तिला आता घास समोर आला की मान वळवावी लागत होती. तशीच खिडकीकडे.

एका दुपारी तू मला जवळ बोलावलंस. मावशींना ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणालीस, "यापुढं कोणी बारीक झालं की टाळी वाजवायच्या आधी विचार. भूक लागते का, म्हणून. एवढंच विचार." मी म्हटलं, विचारीन. मी लिहून घ्यायला लागले तर तू माझा हात धरलास. मग म्हणालीस, "आणि मला एक सांग. तू सगळं वेगळं वेगळं करून मांडतेस ना. जे उतरलं, त्यातलं माझं किती आणि याचं किती?"

'याचं' म्हणताना तू पोटाकडे बोट केलंस.

मी काहीतरी बोलले, सगळं तुझंच, वगैरे. तू डोळे मिटलेस. तुला खोटं उत्तर कधीच चालायचं नाही, पण तेव्हा भांडायची ताकद नव्हती. आयुष्यात पहिल्यांदा तू एक गोष्ट स्वतःच्या हिमतीवर मिळवलीस, सगळ्या शाळेसमोर मिरवलीस, आणि ती खरंच तुझी होती का एवढंच तुला जायच्या आधी हवं होतं. त्यानंतर तू तो विषय काढला नाहीस.

आता तुला पुढचं सांगते, कारण ते तुला माहीत नाही. तू गेल्यावर तलावावरचं चालणं बंद पडलं. आधी मला वाटलं, सुतक पाळतायत. मग कानावर यायला लागलं. बारीक व्हायच्या नादात गेली. जेवण सोडलं आणि गेली. एका बाईच्या नवऱ्यानं तिचे चालायचे बूटच लपवून ठेवले. आणखी एकीच्या सासूनं चहात मुद्दाम दोन चमचे साखर जास्त घालायला सुरुवात केली, सुनेच्या जिवासाठी. त्या सगळ्यांचं प्रेमच होतं गं, म्हणून त्यांच्यावर रागावताही येईना. तुझे फोटो व्हरांड्यात तसेच होते आणि आया त्यांच्यापुढून जाताना पोरींना जवळ ओढून घ्यायच्या. 'मंगलबाईंना जमलं' हे वाक्य आता धमकीसारखं दिसायला लागलं होतं.

आणि मावशी. तेराव्यानंतर मी गावी भेटायला गेले तेव्हा त्या ओट्यावर बसल्या होत्या. पाणी दिलं, गूळ दिला. मग म्हणाल्या, "लोक म्हनत्यात बारीक व्हायच्या नादात गेली. खरं हाय का?"

मी म्हटलं, नाही मावशी. आजार होता. चालण्यानं काही झालं नाही. डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं त्यांना समजेल असं सांगितलं. त्यांनी मान हलवली. ते त्यांना पटलं असावं.

"मग तुमी टाळ्या कशाला वाजवल्या?"

रागानं नव्हतं विचारलेलं. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. मी गुळाचा खडा हातात धरून बसले होते, तो हातातच विरघळला.

गावाहून आल्यावर मी श्रीदेवीच्या घरी गेले. यादीतल्या सगळ्या आयांकडे जाणार होते, सुरुवात तिच्यापासून केली, कारण ती तुझी होती. दारात मला बघून ती आधी रडली. मग आत बसवून म्हणाली की घरचे सोडत नाहीत, तुझीही गत मंगलबाईंसारखीच होईल म्हणतात, आणि तिलाही आता भीती वाटते, कारण तिचंही वजन उतरलंय. खरंच उतरलं होतं. चेहरा उतरला नव्हता, कंबर उतरली होती. सवयीनं माझ्या तोंडात कौतुकाचं वाक्य आलंच होतं. ते गिळून मी तुझा प्रश्न विचारला.

"श्रीदेवी, भूक लागते का?"

ती गोंधळली. मी ओरडणार असं तिला वाटलं असावं. पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "लागती की बाई. लई लागती. रात्रीच्याला तर डब्यातल्या शेंगा चोरून खाती. मंगलबाईंला पन लागायची. तलावावर दोघी मिळून भूक भूक करत बसायचो."

आणि तिनं फोन काढून मला एक फोटो दाखवला. पहिल्या हिवाळ्यातला. चालून झाल्यावर तू तलावाच्या कठड्यावर बसलीयस. घामानं केस कपाळाला चिकटलेले, ओढणी कमरेला गुंडाळलेली, चपला काढून बाजूला ठेवलेल्या. अंगानं तू ना पहिल्या फोटोतली, ना दुसऱ्या. मधलीच कुठली तरी. हातात पेरू आहे आणि तू डोळे मिटून, सगळं तोंड उघडून त्याचा एवढा मोठा लचका तोडतेयस की जगात दुसरं काही नाहीच. श्रीदेवी म्हणाली, चालताना सारखं वडापाव वडापाव करत होत्या, गाडीजवळून जाताना नाक धरलं, आणि मग हा पेरू असा खाल्ला.

मी तो फोटो बराच वेळ बघत राहिले आणि मला तुझं उत्तर मिळालं, मंगल. दवाखान्यात तू मला दोन गोष्टी सांगितल्यास, एक विचारायचा प्रश्न आणि एक हिशोब, आणि त्या दोन्ही एकच आहेत हे तुलाही कळलं नव्हतं, मलाही नाही. तुला भूक लागत होती तोवर जे उतरलं ते तुझं. वडापावच्या गाडीजवळून नाक धरून गेलीस ते तुझं. पेढ्याच्या खोक्यासमोर खिडकीबाहेर बघितलंस, बिनसाखरेचा चहा तोंड वाकडं करून प्यायलीस, वैतागून दुसऱ्या दिवशी परत तलावावर आलीस, ते सगळं तुझं. भूक मेल्यानंतरचं त्याचं. ते थोडं होतं की जास्त, हे मला माहीत नाही आणि त्याला किंमतही नाही. जे तुझं होतं ते तू भुकेल्या पोटी मिळवलंस. आजाराला त्यातलं काही घेता येणार नाही.

हे तुला त्या दुपारी सांगता आलं असतं तर. एवढंच माझ्याकडून राहिलं. बाकीचं सगळं आपण भांडून का होईना, बोललो होतो.

आज सकाळी मी व्हरांड्यातले दोन्ही फोटो काढले. खालची ओळही काढली. पेरूचा फोटो मोठा करून आणलाय, तो साखरेच्या फलकाशेजारी लावला. खाली काय लिहायचं ते सुचलं नाही, म्हणून काही लिहिलं नाही. मधल्या सुट्टीत पाचवीच्या दोन मुली त्याच्यापुढे उभ्या होत्या. एक दुसरीला म्हणाली, "बाईंला किती भूक लागलीय बघ."

उद्या श्रीदेवी तलावावर येणार आहे. मावशींनाही एकदा घेऊन यायचंय, फोटो दाखवायला. त्या बघतील आणि म्हणतील, ही माझी मंगल, जेवतीय.